रिकाम्या बग्गीचा विमा

३ नोव्हेंबर १८९०, ठाणे.

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. खरं तेच लिहायचं. स्वतःची बाजू मांडायची नाही. ते काम कोर्टात दिवसभर होतंच.

बग्गी आणि घोडी घेतली. चैन म्हणून नव्हे. (पुन्हा तपासून पाहिलं. नव्हेच.) लेक चित्रा पहिल्या बाळंतपणाला कल्याणहून येणार. व्याही नाथाराव लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर बोलले होते, ठाण्याच्या वकिलांकडे कायदा पुष्कळ, पण वाहन म्हणाल तर दोन पाय. लक्ष्मीने तो घास अजून गिळलेला नाही. पोर स्टेशनापासून खोपटातल्या घरापर्यंत आपल्या गाडीतून यायला हवी, एवढं एकच तिचं मागणं. आठवा महिना लागण्याआत आणायची, कारण आठवा लागला की बाळंतपणापर्यंत हलवत नाहीत.

गाडीचा विमा मात्र हवा. गेल्या वर्षी टेंभी नाक्यावर एका सावकाराच्या बग्गीने मडकी विकणाऱ्या बाईला पाडलं. बाईचा वकील मी. भरपाई अशी बसवली की सावकाराला बग्गी विकावी लागली. उद्या माझ्यावर कोणी माझाच युक्तिवाद चालवला तर?

ती बग्गी मीच घेतली, घोडीसकट. यात गैर काही नाही. निकाल लागल्यावर घेतली.

५ नोव्हेंबर.

फोर्टातल्या एका विमा कंपनीचा एजंट येऊन गेला. इनास नाव, उथळसरचा. बोलणं गोड, म्हणून संशयास्पद. वर्षाचा हप्ता ऐकून वाटलं, घोडीला केशर घालून चारा दिला तरी एवढा खर्च येणार नाही. तसं बोललो. म्हणाला, वकीलसाहेब, कंपनी घोडी बघत नाय, रिस्क बघते.

हप्ता निम्म्यावर आणीन. कायद्याचं डोकं कशासाठी आहे?

६ नोव्हेंबर.

रात्री मनाला लागून राहिलं की मडकीवाल्या बाईची गोष्ट कंपनीला सांगितलेली नाही. लपवणं म्हणजे फसवणूक. सकाळी इनासला गाठून सांगितलं. घोडी डाव्या बाजूच्या म्हशींना बुजते हेही सांगितलं. उजव्या बाजूच्या म्हशींबद्दल माझा अनुभव अपुरा आहे, असंही नोंदवून घ्यायला लावलं.

हप्ता वाढला.

लक्ष्मी म्हणाली, अहो, त्यांनी विचारलं तरी होतं का? म्हटलं, सद्सद्विवेक विचारण्याची वाट बघत नाही. म्हणाली, मग त्यालाच द्या म्हणावं हप्ता.

११ नोव्हेंबर.

उपाय सापडला. घोडीच्या गळ्याला केसांचा देवमण भोवरा आहे. असं जनावर मालकाला कधी अपाय करत नाही, असं घोडेवाले म्हणतात. मी कॉलेजात शिकलेला माणूस, असल्या गोष्टी मानत नाही. पण विकत घेताना या भोवऱ्याचे जास्त पैसे मोजले, तेव्हा त्यावर सूट मागणं न्याय्य आहे.

इनासने विचारलं, बाईला पाडली तेव्हा भोवरा कुठे गेलेला? म्हटलं, अपाय मालकाला होत नाही. बाई मालक नव्हती. युक्तिवाद बिनतोड. इनास म्हणाला, साहेब, आमचा गोरा मॅनेजर भोवऱ्यावर सूट देत नाय. निर्बुद्ध कंपनी आहे.

१४ नोव्हेंबर.

इनासकडूनच काढून घेतलं: मालकाने धोक्याची एकेक गोष्ट सोडली की हप्ता उतरतो. हे आधी का नाही सांगितलंस म्हणून झाडला. म्हणाला, गाडी घेणारा माणूस गाडी चालवणार, असं धरून चाललेलो.

सूर्यास्तानंतर गाडी काढायची नाही, असं लिहून दिलं. हप्ता थोडा उतरला. रात्री मी कुठे जातो? गमावलं काहीच नाही.

१७ नोव्हेंबर.

बाजाराच्या दिवशी गाडी बंद. तलावाच्या बाजूला बंद (म्हशी). हप्ता आणखी उतरला. लक्ष्मीला तलावाजवळच्या देवळात जायचं होतं. चालत गेली. गुडघे दुखतात तिचे. पण तत्त्वाचा प्रश्न आहे. मी कंजूष आहे का, यावर बराच वेळ प्रामाणिकपणे विचार केला. नाही.

२२ नोव्हेंबर.

गाडी माणसाच्या चालीनेच चालवायची आणि पुढे एकाने घंटा वाजवत चालायचं. विलायतेत म्हणे रस्त्यावरच्या वाफेच्या इंजिनापुढे माणूस चालवतात. इनासने गंमत म्हणून सांगितलं, मी लगेच अट म्हणून लिहून दिली.

घरात घंटा देवघरातली. लक्ष्मीने पूजा दोन तास लांबवली, मग दिली.

पुढे चालणारा माणूस नेमला तर त्याचा पगार. तेव्हा मीच.

आज कोर्टापर्यंत असा गेलो. गाडीवान पंढरी मागे आसनावर, मी पुढे पायी. बाररूममध्ये विचारणा झाली की पंढरीने वकील ठेवला आहे का. क्षुद्र माणसं.

२९ नोव्हेंबर.

तरीही हप्ता निम्मा होत नाही. इनासला विचारलं, आता राहिलं काय? म्हणाला, राहिली माणसं. गाडी उलटली तर घोडीला, चाकाला फार होत नाय. बसणाऱ्याचे हातपाय जातात, खरा पैसा तिथे. म्हटलं, बसणारेच काढून टाकले तर? इनासने क्रूसाची खूण केली.

वर्षभरासाठी लिहून दिलं: गाडीवानाखेरीज गाडीत कोणी बसणार नाही. सामान चालेल.

हप्ता निम्म्याच्या खाली! फोर्टातून मंजुरी येणं बाकी, तोवर अटी पाळल्या तरच विमा लागू. मुंबई इलाख्यात एवढा स्वस्त विमा कोणाचाही नसेल.

३० नोव्हेंबर.

लक्ष्मीला सांगितलं. तिने भाजी चिरायची थांबवली. म्हणाली, म्हणजे पोर गाडीत बसायची नाही? समजावलं: चित्रा भाड्याच्या टांग्यात, पुढे आपली बग्गी. मान राहतो, हप्ताही राहतो. म्हणाली, आणि बग्गीत कोण? म्हटलं, कोणी नाही. म्हणाली, मग निदान तिचा मान तरी बसवा तिथे, जागा रिकामी आहे.

बायकांना योजनेची सबंध आकृती दिसत नाही.

१० डिसेंबर.

उद्या चित्रा येणार. मुहूर्त उद्याचाच, परवा आठवा लागतो. नाथाराव स्वतः पोचवायला येताहेत. स्टेशनवर मुलीकडच्यांनी सामोरं यायचं, अशी त्यांची अट. अटी घालायची या माणसाला फार हौस.

पंढरीने विचारलं, रावसायेब, गारी रिकामीच न्याची त घोरी तरी कशाला जोडाची? आपुन दोघंच वढू. उर्मट. पण इमानी.

११ डिसेंबर, संध्याकाळ.

क्रमाने लिहितो. दोष कोणाचा ते आपोआप स्पष्ट होईल.

पंढरीने घोडीला आणि गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. मी सांगितलं नव्हतं. लक्ष्मीने ओटीचं सामान (नारळ, शालू, हळदकुंकू) गादीवर ठेवलं आणि धूळ लागू नये म्हणून वर शाल पांघरली. सामान अटीत बसतं. मी पागोटं घालून पुढे, हातात घंटा. वेळ हाताशी ठेवून निघालो.

टेंभी नाक्यावर भाजीवाली सखुबाई टोपली टाकून उठली आणि रस्त्यातच आडवी झाली. म्हणाली, कोनच्या म्हाराजांच्या पादुका हान ह्या? मी म्हटलं, कोणाच्याही नाहीत. ती लोकांकडे वळून म्हणाली, बगा, बुवा नाव सांगत नाय, मौनातला दिसतो. मी मौनात नव्हतो, ओरडत होतो. पण घंटा हातात होती आणि ती थांबवली तर अट मोडते.

पाच मिनिटांत नाका भरला. शालीवर फुलं. चाकाखाली कोणी लिंबू ठेवलं. एकाने घोडीचे पाय धुतले. लोक गाडीत वाकून शालीखालचा नारळाचा उंचवटा पाहायचे आणि गहिवरायचे. एक म्हातारा मला म्हणाला, बुवा, सून नांदत नाय, काय करू? घाईत त्याला कायदेशीर सल्ला दिला. ती चूक झाली. मग रांगच लागली.

पंढरीला म्हटलं, हाक. म्हणाला, हाकू कशी, अट चालीची हाय न्‌ चालनारे तुम्ही. तुम्हीच उभे.

मी घंटा फेकून धावत सुटू शकलो असतो. विचार मनात आला होता. पण त्या क्षणी गाडी विम्याबाहेर गेली असती, आणि भोवती एवढी गर्दी! प्रत्येक पायाचं बोट म्हणजे एक संभाव्य दावा.

स्टेशनवर पोचलो तेव्हा कल्याणची परतीची गाडी हलत होती. खिडकीत चित्रा. रडत होती बहुतेक. नीट दिसलं नाही. शेजारी नाथाराव. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा माळा घातलेल्या रिकाम्या बग्गीकडे पाहिलं आणि हात जोडले. बराच वेळ जोडून ठेवले.

फलाटावरचा हमाल म्हणाला, म्हातारा तासभर वाट बघत होता. म्हणत होता, सामोरं कोण येत नाही तर पोर टाकून जाऊ काय?

दोष नाथारावांचा. तासभर हा काही फार वेळ नाही.

घरी लक्ष्मी औक्षणाचं तबक घेऊन दारात उभी होती. मी सगळं सांगितलं. तिने निरांजन फुंकरीने विझवलं नाही, तसंच आत नेलं.

१५ डिसेंबर.

इनासला झाला प्रकार जसाच्या तसा लेखी दिला. माहिती दडवणं माझ्या स्वभावात नाही. तो म्हणाला, देवाशप्पथ, वकीलसाहेब, हे फोर्टात पाठवू नका. मीच पाठवलं.

९ जानेवारी १८९१.

कंपनीचा निर्णय. ज्या गाडीत माणसं बसत नाहीत आणि सामान असतं ती बग्गी नव्हे, मालाचा गाडा. शिवाय धार्मिक मिरवणुकीत चालवलेला. हप्ता पहिल्या दिवशी सांगितला होता त्याच्या दीडपट.

लुटारू. दरोडेखोरांना निदान ओळखायला तोंडाला फडकं असतं.

१२ जानेवारी.

बग्गी आणि घोडी विकायची. पूर्ण विचारांती. किंमत पाडून इनासनेच घेतली. आत कोणी बसलेलंच नाय, गादी नवी आहे, म्हणाला, आणि तरीही पाडली. पंढरीही त्याच्याकडे गेला. मला रामराम केला. घोडीला मात्र माझ्यासमोर म्हणाला, सुटलीस बाय.

२ फेब्रुवारी.

लक्ष्मी कल्याणला निघाली. मुलीच्या सासरी आम्ही पाणीही पीत नाही, पहिलं बाळंतपण तिथे होणं म्हणजे आमची शोभाच. ती मावसबहिणीकडे राहून रोज जाऊन-येऊन करणार. गुडघ्यांचं काय, विचारलं. म्हणाली, माझ्या गुडघ्यांचा विमा नाही, तेव्हा वापरते.

मी सोबत येतो म्हटलं. नको म्हणाली, घंटा कोण वाजवील?

२१ फेब्रुवारी.

नात झाली. दोघी सुखरूप. निरोप नाथारावांच्या गड्याने आणला. सोबत बर्फी आणि विचारणा: बारशाला पादुका येणार का?

५ मार्च.

बारशाला गेलो नाही. ताप होता. (खरं तेच लिहायचं ठरलं आहे. ताप नव्हता.)

२ एप्रिल.

आज तिघी आल्या. मी वेळेआधी स्टेशनवर हजर, टांगा ठरवून, भाड्याची घासाघीस न करता. हे लक्ष्मीला सांगायचं ठरवलं होतं.

बाहेर बग्गी उभी. इनास बायकोला घ्यायला आला होता. तीही त्याच आगगाडीतून उतरली. डोरोथी तिचं नाव, वाटेत नातीला हिनेच खेळवलं म्हणे. लक्ष्मीला म्हणाली, अगो, त्या खडखड्यात कुठे घालतेस तान्ह्या पोरीला? चढ इथे. मी काही म्हणण्याआधी लक्ष्मी चढली. चित्राने बाळ तिच्या हाती दिलं आणि तीही चढली. पोर जवळजवळ चार महिने उशिरा, पण त्याच गादीवर बसली. लक्ष्मीने एकदा गादीवरून हात फिरवला.

इनास म्हणाला, या ना, वकीलसाहेब, पुढे जागा आहे.

मी विचारलं, तू कुठल्या अटींवर उतरवलास विमा? तो म्हणाला, कसला, या गाडीचा? छ्या! असली उधळपट्टी आपल्याला परवडत नाय.

विम्याशिवायची गाडी. पूर्वी अपघात केलेली. समोर स्टेशनची गर्दी, डाव्या बाजूला कोणाची तरी म्हैस. हे सगळं माहीत असून बसणं म्हणजे धोक्याला संमती, आणि मी कायदा जाणणारा माणूस. माझ्या मनात दोन्ही बाजू नीट मांडून व्हायच्या होत्या.

लक्ष्मी म्हणाली, अहो, बसताय का? पोरीला ऊन लागतंय.

म्हटलं, एक मिनिट.

तिने पंढरीला चल म्हटलं. पंढरीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि लगाम सैल सोडला. टेंभी नाक्याच्या वळणापर्यंत मी पाहत उभा होतो.

ही घोडी इतकी सुरेख धावते, हे मला आज कळलं.