मुकुटवाली राणी

आई, तुझा टाक काल देवघरात बसला. माझं लग्न जुळत नाही, घरात काही ना काही अडतं, म्हणून काकूनं ठरवलं की तूच अडून राहिली आहेस. चांदीच्या पत्र्यावर तुझा चेहरा ठोकून पुजला की शांत होशील. मी माजलगावात सराफाच्या दुकानी कारागीर आहे, तेव्हा काम माझ्याकडेच आलं. "तिच्याच अंगावरची चांदी लागती बघ," काकू म्हणाली. "तो रानीचा रुपया आटव. तेवढंच तर व्हतं तिचं."

तेवढंच होतं, हे खरं आहे. तुझ्या आईनं लग्नात तुझ्या गळ्यात घातलेला राणीछाप रुपया, वर डाक देऊन कडी जोडलेली. वडील गेले तेव्हा तू तो दोऱ्यातून काढलास. घरात दुसरी चांदी नव्हती, म्हणून दिवाळीला लक्ष्मी म्हणून तोच पाटावर बसायचा. चौसाळ्याच्या आपल्या घरातलं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तू चुलीपाशी उकिडवी बसली आहेस, चिंचेच्या कोळानं आणि राखेनं रुपया घासते आहेस, अंगठा राणीच्या तोंडावरून गोल गोल फिरतो आहे. रुपया उजळला की तुझं बोट कुंकवाच्या करंड्याकडे जातं, आणि काकू ओरडते, "अगं ए, तू कावून हात लावतीस? सवाष्णीचं काम हाय ते." तू बोट पदराला पुसतेस. "घासायला मी चालते व्हय?" तू म्हणतेस. "रानीला तरी इचारा, तिला काय वाटतंय." काकूलाही हसू आलं होतं. पण कुंकू तिनंच लावलं, आणि तू राख भरायला उठलीस.

गेल्या महिन्यात दुकानात एक निवृत्त गुरुजी आले होते. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद. नाण्यांवर बायका फार थोड्या, असं ते सांगत होते. गुप्त राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर लक्ष्मी बसलेली आहे, एकावर राजासमोर त्याची राणी उभी आहे; पण दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या बाईच्या नाण्यावर नुसती अक्षरं, चेहरा नाही. मी भीत भीत तुझा रुपया पुढे केला. त्यांनी तो भिंगाखाली धरला. "मुकुटवाली. म्हणजे नवरा वारल्यानंतरची. ही बाई पुढे जन्मभर काळे कपडेच घालायची."

"गुरुजी, हळू बोला की!" शेठ म्हणाले. "दिवाळीला गिऱ्हाईक राणीछाप घेईल का मग?"

सगळे हसले. मी भट्टीकडे तोंड केलं. लगेच घरी जाऊन तुला हे सांगावं असं वाटलं, आणि मग आठवलं.

दुकानात बाईच्या टाकाचा ठसा एकच आहे. कुणाचीही आई गेली तरी तोच चेहरा उठतो, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. तुझा फोटो नाही, म्हणून मलाही तोच वापरावा लागणार होता. "नथ राहू दे, दिसत न्हाई एवढी," काकूनं बजावलं होतं, "पण कुंकू तेवढं घासून टाक. विधवेला कुंकू कसं?" मी रुपया मुशीत ठेवला. भट्टीत घालण्याआधी एकदा पाहिला. कडेची अक्षरं शाबूत होती, मुकुटही होता. फक्त राणीचं नाक आणि गाल सपाट झाले होते, अंगठा बसेल एवढी जागा. मी तो उचलून खिशात टाकला आणि टाकाला दुकानातली चांदी घेतली. हे काकूला माहीत नाही.

पण कुंकू मी घासलं, आई. कानस माझ्याच हातात होती. गुरुजींचं बोलणं काकूला सांगायचं, असं रस्ताभर घोकत गेलो होतो. तिनं टाक हातात घेऊन त्याच्या कपाळावरून बोट फिरवलं, "झालं बघ नीट," म्हणाली, आणि मी मान हलवली. तिनं तुझ्यापुढे उदबत्ती लावली. माझा हात मात्र खिशातल्या रुपयावर होता.

आज खोलीवर चिंच भिजत घातली होती, कारण रुपया काळा पडला आहे. कुंकूही आणून ठेवलं आहे. घासायला बसलो, अंगठा त्या सपाट जागेवर टेकवला, आणि घासलंच नाही; ती जागा तुझ्या अंगठ्याची होती. तुझा चेहरा मला नीट आठवत नाही. तुला लिहिलेला हा कागद रुपयाभोवती गुंडाळून डबीत ठेवतो.