लांबचं धूसर येतं म्हणून

तोआन,

तू जपानहून मागवलेलं पार्सल टेबलावर आहे. अडॅप्टरच असणार. आईला जाऊन आज नऊ दिवस झाले.

तिचा एक फोटो आपल्या जुन्या रशियन लेन्सने काढायचा, एवढंच बाबा मागत होते. तुझ्या नव्या कॅमेऱ्यावर ती लेन्स बसवायला फक्त एक अडॅप्टरची कडी हवी होती. न्हाट ताओच्या बाजारात तशा ढिगाने मिळतात. पण तू चार महिने निवडतच बसलास. ही ढिली बसते, तिच्यात लांबचं धूसर येतं. बाबा म्हणाले, "अरे, मला लांबचं काय करायचंय? तुझी आई समोरच बसलीय." तू म्हणालास, "थांबा हो बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही."

आता पूर्वजांच्या फोटोंशेजारी आईचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलाय. त्यात ती घाबरलेली दिसते.

बाबांना मी कँथोला माझ्याकडे घेऊन चाललेय. भात कुकरमध्ये आहे. लेन्सही मी पिशवीत भरली होती, पण बाबांनी ती काढून तुझ्या कॅमेऱ्याजवळ ठेवली. म्हणाले, "राहू दे, त्याला लागेल."

माझ्या हातात असतं, तर ठेवली नसती.

ल्येनताई