मुसळाच्या मापाची उशी

मंगळवार, संध्याकाळ

स्क्वाटनं मांड्या भरून येतात, डेडलिफ्टनं कंबर धरते. कुल्ल्यांत खरा ताण येतो तो हिप थ्रस्टनंच, माझं पक्कं ठरलं. पण त्यात पाठ बाकाला टेकून, वजनाचा लोखंडी बार जांघेवर घेऊन कंबर उचलावी लागते, अन् हाडांवर काळेनिळे डाग पडतात. काल आईनं ते पाहिले.

"कुल्ल्यासाठी एवढं लोखंड कायले, पोरी? निंदाले चाल वावरात."

मी रागानं जिमची पिशवी भरून दाराशी आपटली.

आज जिममध्ये पिशवी उघडली तर आत उशी! आईच्या जुन्या लुगड्याची, घरचा कापूस भरलेली, बांधायला नाड्यासुद्धा. घरी येऊन विचारलं, माप कशावरून घेतलं?

"मुसळावरून. तुहं लोखंड तेवढंच असन ना?"

मुसळ बारहून जाड. नाड्या आवळल्या तरी उशी फिरते. पण नवा डाग? एकही नाही.

फिरते, हे तिला सांगायचं नाही.