माय, तुझ्या नाकात नथ कुठून आली?

प्रिय माय,

तू जाऊन महिना होत आला. आज पत्र लिहायला बसले आहे ती रडायला नव्हे, भांडायला. गावाशी, मिलिंदशी, त्या बियाणे कंपनीच्या साहेबाशी, आणि थोडं तुझ्याशीसुद्धा. उद्या तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. त्यासाठी काल दुपारी मोताळ्याहून एसटीने निघाले, आपल्या फाट्यावर उतरले, आणि समोर पानटपरीच्या वर तू टांगलेली!

माय, तू बागेत उभी होतीस. पिवळ्या-लाल परदेशी फुलांची बाग, तिच्यामागे धबधबा, धबधब्याच्या मागे बर्फाचा डोंगर. आपल्या फाट्यावर मार्चच्या उन्हात बर्फाचा डोंगर! गाल गोरे केलेले, ओठ लाल. हिरवी जरीची साडी. आणि नाकात ही एवढी मोत्यांची नथ. अगं, तुझं नाक कधी टोचलेलंसुद्धा नव्हतं!

खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि त्याखाली गावातल्या पोरांचे चेहरे, गॉगल लावून, मोबाइल कानाला लावून. आईसारखी बाई गेली तर हे कुणाशी बोलत होते?

मी मिलिंदला तिथल्या तिथे फोन लावला. तो मोटारसायकलवर आला, हातात मंडपाची दोरी. तुझा धाकटा लेक, त्याला माझा राग लांबून ओळखू येतो. तो गाडीवरून उतरायच्या आधीच बोलायला लागला.

“ताई, तू काऊन चिडून राह्यली? मायचा एकच फोटो तं होता हसताना. तो बियान्याच्या पोस्टरवरचा, कपाटामागं गुंडाळून ठेवेल होता. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला अन् फ्लेक्सवाल्याले देल्ला.”

“आणि मागची कापसाची पऱ्हाटी कुठं गेली?”

“पऱ्हाटी कोन ठेवते व मैतीच्या फ्लेक्सवर? तो म्हने, चांगली सीनरी टाकून देतो.”

सीनरी! माय, माझा सगळा जन्म या एका शब्दाशी भांडण्यात चालला आहे. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, मी त्यांना नळगंगा धरणाच्या काठावर नेते, ऊन उतरायची वाट बघत बसवते. चेहऱ्यावर उजेड किती, पाण्यावर किती, हे जुळायला वेळ लागतो. आणि मग तीच जोडपी म्हणतात, “मॅडम, मागं काश्मीर टाकून देसान ना?” टाकत नाही! ज्याच्या मागे जे आहे ते तसंच राहील असं मी तोंडावर सांगते. आणि माझ्याच आईच्या मागे बर्फ पडला.

तुला तो दिवस आठवतो? विसरली असशील असं वाटत नाही. बीटी कापसाचं बियाणं आपल्याकडे येऊन थोडीच वर्षं झाली होती. जो तो पाकीट आणायला कृषी केंद्रावर गर्दी करत होता. मी मोताळ्याला रशीदभाईंच्या स्टुडिओत कामाला लागले होते. कंपनीचा साहेब जाहिरातीसाठी ‘हसरी शेतकरी बाई’ शोधत आला. रशीदभाई एका लग्नाच्या फोटोंत अडकलेले, म्हणून त्यांनी मला पाठवलं, आणि मी आणखी कुणाकडे जाणार? मी तुझ्याकडे आले. तू वेचणीला गेली होतीस. अंगावर लुगड्यावरून बाबांचा लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, बोटांना बोंडांच्या काट्यांचे ओरखडे. मला वाटलं, हिच्यापेक्षा खरी शेतकरी बाई कोणती हवी?

साहेबाला ती चालली नाही. त्याने पिशवीतून हिरवी साडी काढली. मग चंद्रकोरीची टिकली. मग चापाची नथ. तू नथीकडे बघून म्हणालीस, “हे काय व? हे तं आपल्यात कोनी घालत नाही.” साहेब म्हणाला, “घाला हो मावशी, फोटोत शोभतं.” आणि तू घातलीस! माय, तू नाही का म्हणाली नाहीस? तुझं ते ‘चालते, होऊ दे’. त्या तीन शब्दांपायी तुला आयुष्यभर कुणी काहीही घालायला लावलं.

वेळ भर दुपारची. मी त्याला हात जोडून सांगितलं की ऊन कलू द्या. रशीदभाईंनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, “बेटा, कापूस लई दगाबाज चीज हाय. एवढं पांढरं पाहून कॅमेरा घाबरते, अन् बिचाऱ्या मानसाले अंधारात टाकते.” फुटलेल्या कापसाला सांभाळावं तर तुझा चेहरा काळा पडत होता, डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या. तुझ्या चेहऱ्याला सांभाळावं तर मागचं वावर चुन्यासारखं सपाट पांढरं होत होतं, एक बोंड ओळखू येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत थांबला असता तर दोन्ही आलं असतं.

“मला मेहकरला जायचंय,” तो म्हणाला. “तुम्ही कापूस सांभाळा. बाईला मागाहून उजळ करू.”

बाईला मागाहून उजळ करू! हे वाक्य मी इतकी वर्षं गिळून बसले आहे. आज लिहून टाकलं.

आणि वर तो ओरडत होता, “हसा मावशी, हसा! सोनं पिकलंय!” तुला हसू येईना. नथीचा चाप टोचत होता, घाम टिकलीवरून ओघळत होता. मग मी कॅमेऱ्यामागून तोंड काढलं आणि म्हणाले, “माय, नवरी दिसून राह्यली व तू! बाबाले बोलावू काय वरात घेऊन?” आणि तू हसलीस. खळखळून, मान मागे टाकून, पुढचा अर्धा तुटलेला दात दाखवत. मी बटण दाबलं. पोस्टर छापून आलं तेव्हा तो दातही त्यांनी पुरा करून टाकला होता.

फोटो झाले तसं साहेबाने साडी परत मागितली. नथ, टिकली, सगळं. मेहकरच्या बाईला तेच घालायचं होतं म्हणे. तू तुरीच्या ओळीत आडोशाला जाऊन लुगडं नेसलीस, वरून बाबांचा शर्ट चढवलास आणि पुन्हा वेचायला लागलीस. माय, मला तेव्हा फार राग आला होता.

मी गेले नाही. थांबले. ऊन कललं, वेचलेला कापूस वावराच्या कडेला, धुऱ्यावर अंथरलेल्या चवाळ्यात ओतून ठेवलेला होता, आणि तू दमून त्या ढिगाशेजारी टेकलीस. तेव्हा मी पाहिलं. सूर्य तुझ्या पाठीमागे, पऱ्हाटीच्या शेंड्यांवर उतरलेला. चेहरा खरं तर अंधारात जायला हवा होता. पण समोरच्या ढिगावरून मऊ उजेड उलटून वर येत होता, तुझ्या हनुवटीवर, गालावर, डोळ्यांत. तू दिवसभर वेचलेला कापूस तुलाच उजळत होता! मागची बोंडं एक एक दिसत होती आणि तूही दिसत होतीस. मी म्हणाले, “हलू नको.” तू म्हणालीस, “आता कोनासाठी व?” मी म्हणाले, “माझ्यासाठी.” रोलमध्ये उरलेले फोटो मी तिथे संपवले. कंपनीने दुपारचे प्रिंट नेले. संध्याकाळचे माझ्याकडे राहिले.

त्यातला एक मी तुला मोठा करून दाखवला तर तू काय म्हणालीस? “थकल्यावानी दिसते मी. ठेव आत.” अगं, थकलीच होतीस की! थकलेलं दिसणं म्हणजे काय गुन्हा होता?

पोस्टर कृषी केंद्राच्या दारावर झळकलं. पहिली काही वर्षं गाव तुला ‘पोस्टरवाली’ म्हणून चिडवायचं, आणि तू लाजायचीस. तुला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू! मग तो बोंडअळीचा हंगाम आला. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर टाकल्या लोकांनी. आणि बोल लावायला कुणी सापडेना. कंपनीचा माणूस फिरकला नाही, दुकानदाराने हात वर केले. सापडलीस कोण? तू. शेजारच्या सुमनमावशीने हापशीवर सगळ्या बायांसमोर तुला सुनावलं, “तू दात काढत होती पोस्टरवर, म्हनून आमी नेलं ते बियानं!”

आपण बटईने, निम्म्या वाट्यावर केलेल्या वावरातही तेच पाकीट पेरलं होतं, तेच किडलं होतं. तू ते का सांगितलं नाहीस? भरलेला हंडा उचलून घरी आलीस. मी त्या दिवशी घरी होते. तुझ्या हातातला हंडा घेतला तर तू एवढंच बोललीस, “मी काय बियान्याले हसली होती व सुजे? मी तुले हसली होती.”

त्यानंतर तू कुठल्याच कॅमेऱ्यासमोर हसली नाहीस. नातीच्या वाढदिवसाला मी कॅमेरा उचलला तर तोंडावर पदर घेतलास. मी फोटो काढून पोट भरते, आणि माझी आई माझ्यापासून तोंड लपवते! मला त्याचा राग येतो, माय. अजून येतो. आणि ते पोस्टर जाळून का नाही टाकलंस? कपाटामागे कशासाठी जपलंस? मिलिंदला सापडलं ते तुझ्यामुळेच.

तर काल मी फाट्यावर मिलिंदशी भांडत होते. तो म्हणत होता, “राहू दे ना ताई, लोकायले चांगला वाटून राह्यला.” तेवढ्यात सुमनमावशी आली. आता ती काठी टेकत चालते. तिने चप्पल काढली, फ्लेक्ससमोर उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“मी कौसल्याले हात जोडाले आली होती,” ती म्हणाली. “बोंडअळीच्या साली बोलली होती तिले. चुकलंच माह्यं. पन हे तं कंपनीचीच बाई होये बापा. हिच्यापुढं कसे जोडू?”

आणि तिने हात जोडलेच नाहीत. चप्पल घातली, परत फिरली.

मिलिंदने मग माझ्याकडे पाहिलं नाही. टपरीवाल्याचं स्टूल ओढलं आणि हातातली दोरी माझ्याकडे दिली. वर चढून त्याने एक एक गाठ सोडली. तुझा बर्फाचा डोंगर रस्त्यावर आला.

आज सकाळी मी मोताळ्याला परत आले, स्टुडिओत बसून हे लिहिते आहे. संध्याकाळचा तो फोटो मशीनवर लावला आहे, प्रिंट निघतो आहे. त्यात तू थकलेली आहेस, दात तुटकाच आहे, अंगात बाबांचा शर्ट आहे. नाकावर त्या चापाचा लाल वळ आहे, तो मी पुसणार नाही. मागे पऱ्हाटी राहील. गाल आहेत तसेच राहतील.

उद्या मांडवात हाच लागेल. मिलिंद खिळा ठोकतो म्हणाला आहे. सुमनमावशीला आणायला मी स्वतः जाईन, तिचा हात धरून तुझ्यासमोर उभी करीन. तिला माफ करायचं की नाही ते तुझं तू बघ, त्यात मी पडणार नाही. आणि तो फाट्यावरचा फ्लेक्स मी घडी करून घरी आणला आहे. त्यातलं हसणं तेवढं कापून घेईन, बाकी चुलीत जाईल. ते हसू तू मला दिलं होतंस, माय. ते आता पुन्हा कुणाच्या दारावर टांगू देणार नाही.

जयभीम.

तुझी,
सुजा