कामकाजातून काढलेलं पत्र

आई, तुला वाकून नमस्कार. बाबांना दोनदा, कारण ते मोजतात.

मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवणही वेळेवर होतं. समोर बसून जेवायला कोणी नसतं, एवढंच.

सभागृहात बोललेला शब्द न् शब्द टिपून घ्यायचं माझं काम तुला माहीतच आहे. आज नदी नासवणाऱ्या कारखान्यांकडून भरपाई घ्यायची की नाही, यावर खडाजंगी झाली. मंत्री म्हणाले, "एकाही गावाची तक्रार नाही." तेव्हा विरोधी बाकावरच्या बाईंनी एक पत्रच वाचून दाखवलं. "विहिरीचं पाणी तांबडं येतंय. आमच्या ह्यांच्या अंगावर फोड उठलेत." खाली तुझं नाव होतं, आई. तेही मी टिपून घेतलं.

पत्रात कारखान्याचं नाव होतं, आणि सभागृहात असं नाव घेता येत नाही, म्हणून अध्यक्षांनी ते अख्खं पत्रच कामकाजातून काढून टाकायला सांगितलं. मीच ते खोडलं.

मला मात्र दर वेळी लिहितेस, "पाणी मुबलक, बाबा ठणठणीत." फोड बरे झाले का गं? प्यायचं पाणी आणता कुठून?

यापुढे मला खरं लिही. मी त्यातलं काही खोडणार नाही.

तुझीच,
धाकटी