तीन बादशाह टाकून

१७ ऑगस्ट

नंदनवनला आईच्या घरी आज पुन्हा तेच! गिरिधरदादा म्हणाला, "आई माह्याकडेच राहीन." मी म्हटलं, "छे! बेसा भागातल्या माह्या फ्लॅटले लिफ्ट आहे." गुडघे गेल्यामुळे आई एकटी राहू शकत नाही, असं आम्ही दोघा भावांनी ठरवलंय. आईला विचारायचं राहिलं.

इतक्या प्रेमानं भांडलो, की तिला न्यायला गाडी कोणीच काढली नाही.

१८ ऑगस्ट

बायको म्हणते, "दादांचा एवढा आग्रह आहे तर मोडू नका." कामिनीला थोरांचा फार मान! शिवाय आमची तिसरी खोली तिच्या योगासाठी आहे. योगा जानेवारीपासून सुरू होणार आहे.

१९ ऑगस्ट

आईचा आम्हा दोघांनाही फोन. "भांडून काहून राहिले गा? पोळ्याले पत्ते खेळताच ना? जो जितन त्याच्या घरी येतो मी."

पोळ्याच्या संध्याकाळी चिंचोके लावून तीन पत्ती खेळायची, ही आमच्या घरची बाबांपासूनची रीत. दोघंही "वा!" म्हणालो. मला चिंता नाही. हलकी पानं वेळेवर टाकून देणं जन्मात जमलं नाही, त्यामुळे हरण्याचा सराव दांडगा आहे.

२१ ऑगस्ट

हलक्या पानांवर कधी पॅक करून डाव सोडावा, यावर मोबाइलवर तासभर व्हिडिओ पाहिले. भारी पानं आली तर काय करावं, हे कोणीच सांगत नाही.

२२ ऑगस्ट, पोळा

एकच डाव ठरला. पुण्याहून आलेल्या माझ्या लेकीनं, वेदिकानं पत्ते वाटले. आई म्हणाली, "मलेही वाट वं." म्हटलं, म्हातारीची हौस.

पानं उचलली – तीन बादशाह! आयुष्यात कधी आले नव्हते मेले! घाम फुटला. आईनं पानं पाहिलीच नाहीत, तशीच ब्लाइंड चिंचोका सरकवला. दादानं पानं पाहिली अन् लगेच – "पॅक!" दुर्रीवर शेवटपर्यंत लढणारा हा माणूस! उरलो मी आणि आई. जिंकलो तर ती माझ्या घरी. कामिनी माझ्याकडेच बघत होती. मी मोठा उसासा टाकला. "काही दम नाही यार पानांत. पॅक."

मग आईनं आमची टाकलेली पानं उलटवली. असं कोणी करत नाही! दादाची ओळीनं इस्पिकची राणी, गुलाम, दश्शी – तीही भारीच. माझे तीन बादशाह. शेवटी स्वतःची – नव्वी, चौकी, दुर्री. तीन रंगांची, सगळ्यांत हलकी.

मला लाज वाटली. सरळ लिहितो, फार लाज वाटली.

"मी जितली," आई म्हणाली. "मंग मीच मले भेटली. राहतो माह्या घरी. पुरणपोळी खाऊन जा, गरम आहे."

तीन खाल्ल्या.

२३ ऑगस्ट

बाहेर मारबतीच्या मिरवणुकीचा गोंगाट. त्यात दादाचा फोन. "आईच्या मनासारखं झालं ना गा!" मी म्हटलं, "तेच तर." तिचा शब्द आम्ही दोघांनीही कधी मोडला नाही!

२४ ऑगस्ट

वेदिकाला स्टेशनवर सोडलं. गाडीत बसता बसता म्हणाली, "बाबा, मला तर भाऊ नाही. तुमच्या म्हातारपणी मी पत्ते कोणाबरोबर खेळू?"

हसली नाही.