दोन पाकळ्या लसूण

शनिवार, संध्याकाळ. आंग मो किओ, सिंगापूर.

घरमालकीण आंटींनी खोली देतानाच बजावलं होतं, स्वयंपाकघरात फक्त पाणी उकळायचं. फार विनवल्यावर आज एकदाच परवानगी दिली. तळायचं नाही, आणि आधी त्या चाखणार, मग पुढचं ठरवणार.

टोफू दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवला होता. वितळल्यावर दाबला, तर स्पंजसारखं पाणी सुटलं. बर्फामुळे आत भोकं पडत असतील, पण चिवट का होतो? अकरावी अर्धवट सोडली नसती तर कळलं असतं का? सोया सॉस, तिखट आणि ठेचलेला लसूण, दोनच पाकळ्या, लावून ओव्हनमध्ये भाजला. चावायला अगदी हवा तसा झाला.

आंटी उदबत्ती लावून आल्या. "टुडे फिफ्टीन्थ. आय ईट व्हेजिटेरियन."

"टोफू इज व्हेज, आंटी."

त्यांनी वास घेतला. "गॉट गार्लिक ऑर नॉट?"

त्यांच्या चिनी महिन्याचा पंधरावा दिवस म्हणजे आपली पौर्णिमा. आईसुद्धा उपासाला लसणाला हात लावत नाही, आणि मला साधं विचारावंसं वाटलं नाही? दोन पाकळ्यांनी सगळं घालवलं.

आंटींनी तीन तुकडे डब्यात भरले. "टुमॉरो आय ईट. नेक्स्ट टाइम नो गार्लिक, लाह."

नेक्स्ट टाइम! म्हणजे परवानगी मिळाली का? उद्या आवडलं नाही तर? विचारायचा धीर झाला नाही. दुसरा टोफू घेऊन फ्रीझरपाशी नुसता उभा राहिलो. आंटींनी फ्रीझर उघडून आपले मासे बाजूला सरकवले.